लेनिनग्राडची वेस

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

एखाद्या बलाढ्य राष्ट्राचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर सरहद्दीपासून अवघ्या ३२ किलोमीटरांवर आहे. सरहद्दीपलीकडचा मुलूख कालपरवापर्यंत त्याच राष्ट्राच्या अमलाखाली होता, आणि आज तो स्वतंत्र झाला आहे. अशा वेळी आपल्या शहराच्या सुरक्षिततेसाठी त्या राष्ट्राने शेजाऱ्याकडे काय मागावे, आणि शेजाऱ्याने काय द्यावे? १९१७ च्या राज्यक्रांतीनंतर रशिया आणि त्याच्या पश्चिमेकडील चार लहान देश यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे ते चार देश. शहर म्हणजे अर्थातच लेनिनग्राड, आजचे सेंट पीटर्सबर्ग. पुढील चाळीस वर्षांत या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे देऊन पाहण्यात आली. १९९१ साली सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले तेव्हा हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा उपस्थित झाला आणि त्याचे परिणाम आपण आजही पाहत आहोत. म्हणून त्या तीन उत्तरांची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

प्रथम या शहराची जागा ध्यानात घेतली पाहिजे. बाल्टिक समुद्राचा एक लांबट फाटा पूर्वेकडे रशियाच्या भूमीत शिरला आहे. त्याला फिनलंडचे आखात म्हणतात. या आखाताच्या टोकाशी, नेवा नदीच्या मुखावर, सम्राट पीटरने १७०३ साली हे शहर वसविले, तेव्हा भोवतालचा सारा प्रदेश स्वीडनकडून नुकताच हिसकावून घेतलेला होता. आधी सरहद्दीवर राजधानी वसवावयाची आणि मग राजधानीच्या रक्षणासाठी सरहद्द पुढे सरकवीत न्यावयाची, असा क्रम तेव्हापासून सुरू झाला. १७२१ च्या तहाने आखाताचा दक्षिण किनारा, म्हणजे एस्टोनियाचा प्रदेश, रशियाला मिळाला. १८०९ साली फिनलंड मिळून उत्तर किनाराही हाती आला. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे आखाताचे दोन्ही काठ एकाच सत्तेच्या ताब्यात राहिले आणि राजधानीला समुद्राकडून धास्ती उरली नाही.

१९१७ साली झारशाही कोसळली आणि हे कवच एकदम गळून पडले. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंडने स्वातंत्र्य पुकारले. लेनिनच्या सरकारने त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याला मान्यता दिली. १९२० साली चारही देशांशी तह झाले. त्यांपैकी एस्टोनिया व फिनलंड यांच्याशी झालेले तह टार्टू या एस्टोनियातील विद्यापीठाच्या गावी झाले. या तहांनी सोव्हिएत रशियाने चारही देशांचे स्वातंत्र्य कायमचे म्हणून मान्य केले. आता आखाताचा उत्तर काठ फिनलंडचा आणि दक्षिण काठ एस्टोनियाचा झाला. रशियाकडे टोकाचा थोडासा किनारा आणि क्रॉनस्टाटचा सागरी किल्ला एवढेच उरले. आखात आणि लाडोगा सरोवर यांच्यामध्ये कारेलियाची जी चिंचोळी भूमी आहे, तिच्यावरून जाणारी नवी सरहद्द लेनिनग्राडपासून आपण आरंभी सांगितले तेवढ्या, म्हणजे ३२ किलोमीटरांच्या अंतरावर आली.

रशियन राज्यकर्त्यांना वाटणारी भीती केवळ कल्पनेतली होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १९१८ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य फिनलंडमध्ये उतरले होते आणि त्याच वर्षी फिनलंडच्या संसदेने एका जर्मन राजपुत्राची राजा म्हणून निवडही केली होती. १९१९ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावरून निघालेल्या ब्रिटिश पाणतीर नौकांनी क्रॉनस्टाटच्या बंदरात शिरून रशियन युद्धनौकांवर हल्ला चढविला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जनरल युडेनिचची क्रांतिविरोधी सेना एस्टोनियाच्या बाजूने चाल करून शहराच्या उपनगरांपर्यंत येऊन ठेपली. शेजारी लहान असला तरी त्याच्या अंगणातून मोठा शत्रू येऊ शकतो, हा धडा मॉस्कोने या दोन वर्षांत घेतला आणि तो पुढे कधी विसरला नाही.

परंतु शेजाऱ्यांच्या मनातही भीती होती आणि तीही निराधार नव्हती. १९१८ साली फिनलंडमध्ये यादवी युद्ध झाले, तेव्हा तेथील लाल पक्षाला शस्त्रे रशियातून मिळाली होती. एस्टोनियाला आपले स्वातंत्र्य लाल सेनेशी प्रत्यक्ष लढून मिळवावे लागले होते. १ डिसेंबर १९२४ रोजी राजधानी तालिन येथे साम्यवाद्यांनी सशस्त्र उठाव करून पाहिला आणि त्यांना सोव्हिएत भूमीवरून साहाय्य होते. सारांश, मोठ्याला वाटे की लहान हा इतरांचे हत्यार होईल. लहानाला वाटे की मोठा आपल्याला गिळंकृत करील.

या सर्व काळात एक मनुष्य पुन्हा पुन्हा आपल्याला भेटतो. त्याचे नाव युहो पासिकिव्ही. १९२० साली टार्टू येथे फिनलंडच्या शिष्टमंडळाचा नेता तोच होता. हा पुराणमतवादी विचारांचा, बँकेच्या व्यवसायात मुरलेला, रशियन भाषा व इतिहास उत्तम जाणणारा गृहस्थ होता. फिनलंडविषयी रशियाला जे स्वारस्य आहे ते मुख्यतः संरक्षणाचे आहे, लोभाचे नाही. म्हणून त्या बाबतीत त्याची काळजी दूर करता आली तर बाकीचे जमेल, असे त्याचे मत होते. हे मत त्याच्या देशबांधवांना दीर्घकाळ रुचले नाही.

१९३२ साली सोव्हिएत संघराज्य आणि फिनलंड यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला आणि दोनच वर्षांनी त्याची मुदत १९४५ अखेरपर्यंत वाढविण्यात आली. कागदावर सर्व ठीक होते. पण जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि मॉस्कोची जुनी धास्ती पुन्हा जागी झाली. १९३८ च्या एप्रिलपासून हेलसिंकी येथील सोव्हिएत वकिलातीतील एका दुय्यम अधिकाऱ्याने फिनिश मंत्र्यांशी गुप्त बोलणी सुरू केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जर्मनी आमच्यावर चाल करून येईल तेव्हा तो तुमच्या भूमीचा उपयोग करील, तुम्ही त्याला कसे रोखणार? फिनलंडचे उत्तर असे, की आम्ही तटस्थ आहोत आणि कोणालाही आमची भूमी वापरू देणार नाही. उत्तर प्रामाणिक होते. परंतु प्रश्न इच्छेचा नव्हता, ताकदीचा होता. आणि ३७ लाख वस्तीच्या देशाच्या शब्दावर आपले शहर सोपविण्यास मॉस्को तयार नव्हते. १९३९ च्या वसंतात आखातातील काही बेटे भाड्याने मागण्यात आली. फिनलंडचा वृद्ध सेनानी मानरहाइम याने ती देऊन टाकावी असा सल्ला दिला, कारण ती आपल्याला राखता येणार नाहीत हे तो जाणून होता. सरकारने तो मानला नाही.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी मोलोतोव्ह व रिबेनट्रॉप यांनी मॉस्कोत प्रसिद्ध करार केला. त्याला एक गुप्त पुरवणी जोडलेली होती आणि तिच्यात फिनलंड, एस्टोनिया व लाटव्हिया हे देश सोव्हिएत प्रभावक्षेत्रात टाकण्यात आले होते. लिथुआनियाची भर पुढच्या महिन्यात पडली. ज्यांची वाटणी झाली त्या चौघांना कोणी विचारले नव्हते. आता मॉस्कोला आपला प्रश्न सोडविण्यास मोकळीक मिळाली.

पहिले उत्तर बाल्टिक किनाऱ्यावरील तीन देशांनी दिले. ते उत्तर म्हणजे होकार. एस्टोनियाला २८ सप्टेंबरला, लाटव्हियाला ५ ऑक्टोबरला आणि लिथुआनियाला १० ऑक्टोबरला परस्परसाहाय्याचे करार करावे लागले. एस्टोनियात २५ हजार सोव्हिएत सैनिक ठेवावयाचे ठरले. त्या देशाची शांतताकाळातील सेना याहून लहान होती. लिथुआनियाला तर करारासोबत व्हिल्ना हे त्याचे हरपलेले जुने राजधानीचे शहरही परत देण्यात आले. या करारांनी तुमच्या सार्वभौमत्वाला, राज्यपद्धतीला वा अर्थव्यवस्थेला कसलीही बाधा येणार नाही, असे वचन करारांतच लिहिलेले होते. आपल्याकडील तैनाती फौजेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा वचनांचे मोल निराळे सांगावयास नको. रक्षणाकरिता म्हणून आलेली फौज दाराशी उभी राहिली, की घरातले निर्णय कोणी घ्यावयाचे हा प्रश्न फार दिवस लोंबकळत राहत नाही.

येथेही तसेच झाले. आठ महिने करार पाळले गेले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सेना पॅरिसमध्ये शिरत असताना तिन्ही देशांना निर्वाणीचे खलिते गेले: सरकारे बदला आणि आणखी सैन्य येऊ द्या. तळांवर फौज आधीच बसलेली असल्यामुळे प्रतिकाराचा विचारही करता येण्याजोगा नव्हता. जुलैत एकाच यादीच्या निवडणुका झाल्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही देश सोव्हिएत संघराज्यात विलीन करण्यात आले. एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष पेट्स आणि लाटव्हियाचे उल्मानिस यांना रशियात नेण्यात आले व दोघेही कैदेतच मरण पावले. पुढच्या जूनमध्ये, १९४१ साली, एकाच रात्रीपासून हजारो कुटुंबे गुरांच्या वाघिणींत भरून सायबेरियाकडे पाठविण्यात आली.

दुसरे उत्तर फिनलंडचे. ते म्हणजे नकार. ऑक्टोबर १९३९ मध्ये मॉस्कोहून बोलावणे आले तेव्हा वाटाघाटींसाठी पासिकिव्हीलाच धाडण्यात आले. वाटाघाटींत स्टालिन जातीने बसत असे. लेनिनग्राड शहर तर हलविता येत नाही, तेव्हा सरहद्दच हलविली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. कारेलियातील सरहद्द मागे घ्यावी, तेथील तटबंदी पाडावी, आखातातील बेटे द्यावीत आणि आखाताच्या तोंडाशी असलेले हांको बंदर तीस वर्षांच्या भाड्याने नाविक तळासाठी द्यावे, अशा मागण्या होत्या. सुमारे २,७०० चौरस किलोमीटर प्रदेशाच्या मोबदल्यात त्याच्या दुप्पट, परंतु जंगलाचा, प्रदेश देण्याची तयारी त्याने दाखविली. पासिकिव्हीचे मत काही अधिक द्यावे असे होते. पण हेलसिंकीतील मंत्र्यांच्या डोळ्यांपुढे बाल्टिक देशांवर लादलेले ताजे करार होते. एकदा हांकोत परकी आरमार आले की ते जाणार नाही, आणि तटबंदी गेली की पुढच्या मागणीला नाही म्हणण्याची सोय उरणार नाही, असे त्यांना वाटले. नोव्हेंबरच्या मध्यास बोलणी मोडली.

२६ नोव्हेंबरला मायनिला या सरहद्दीवरच्या खेड्यात तोफगोळे पडून आपले चार सैनिक ठार झाल्याचे सोव्हिएत सरकारने जाहीर केले. फिनलंडने संयुक्त चौकशीची तयारी दाखविली. पण अनाक्रमणाचा करार रद्द करण्यात आला आणि ३० नोव्हेंबरला लाल सेना सरहद्द ओलांडून आत शिरली. त्याच दिवशी हेलसिंकीवर बाँब पडले. दुसऱ्याच दिवशी सरहद्दीलगतच्या गावी कुसिनेन या मॉस्कोत राहणाऱ्या फिनिश साम्यवाद्याच्या नेतृत्वाखाली एक ‘लोकसरकार’ स्थापन झाल्याचे घोषित करण्यात आले. या एका कृत्याने सुरक्षिततेची सारी भाषा पोकळ ठरली. बेटे आणि बंदर मागणारा आता सरकारच बदलू पाहतो आहे, हे फिनलंडमधील मजुरालाही उमगले. १९१८ साली एकमेकांच्या जिवावर उठलेले पक्ष एका रांगेत उभे राहिले. १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघराज्याला सभासदत्वातून काढून टाकले.

त्या हिवाळ्यात १०५ दिवस युद्ध चालले. सुमारे २५ हजार फिनिश सैनिक मरण पावले; सोव्हिएत बाजूच्या मृतांची संख्या एक लाखाहून अधिक होती. १९४० च्या मार्चमध्ये पासिकिव्ही पुन्हा मॉस्कोस गेलेल्या शिष्टमंडळात होता. या वेळी जे द्यावे लागले ते शरदऋतूत मागितलेल्यापेक्षा पुष्कळच जास्त होते: व्हिबोर्ग शहरासह सारी कारेलियाची चिंचोळी भूमी, लाडोगाचा उत्तर काठ आणि भाड्याने हांको. चार लाखांहून अधिक माणसे, म्हणजे देशातील दर नऊ माणसांमागे एक, घरेदारे सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. परंतु सैन्य हरले असले तरी देश जागेवर होता. त्याचे सरकार, संसद आणि सेना शाबूत होती. कुसिनेनच्या सरकारचे नावही पुढे कोणी काढले नाही.

आता हिशेब पाहावा. सोव्हिएत संघराज्याला हवे होते ते सर्व १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत मिळाले होते. आखाताचा दक्षिण काठ पुरता त्याचा झाला होता, तोंडाशी हांको होते, आणि लेनिनग्राडची वेस दीडशे किलोमीटर दूर गेली होती. मग २२ जून १९४१ उजाडला. जर्मन सेनेने १ जुलैला रीगा घेतले आणि ऑगस्टअखेर तालिन घेतले. ज्या बाल्टिक बंदरांसाठी तीन राष्ट्रे पुसून टाकली, ती दहा आठवडेही टिकली नाहीत. त्या देशांतील अनेकांनी, अदल्या वर्षीच्या अनुभवामुळे, जर्मनांचे प्रारंभी स्वागत केले आणि त्याची किंमत पुढे त्यांनाही मोजावी लागली. तेथील ज्यू रहिवाशांचा तर जवळजवळ समूळ संहार झाला. हांकोचा तळ त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्याला स्वतः होऊन सोडावा लागला.

आणि फिनलंड? १९३९ साली तो तटस्थ होता. १९४१ साली तो जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला, कारण त्याला आपला गेलेला प्रांत परत हवा होता. त्याची सेना जुन्या सरहद्दीपर्यंत आली आणि कारेलियाच्या चिंचोळ्या भूमीत साधारणतः तेथेच थांबली. शहरावर हल्ला करण्यास मानरहाइमने नकार दिला. तथापि उत्तरेची वाट बंद झाली ती झालीच. ८ सप्टेंबर १९४१ पासून ८७२ दिवस लेनिनग्राडला वेढा पडला. त्यात भुकेने व थंडीने मेलेल्या नागरिकांची गणती काही लाखांत करावी लागते. काही लष्करी जाणकार असे दाखवून देतात, की सरहद्द पुढे नेल्यामुळे शहराला काही आठवड्यांची उसंत मिळाली. ते खरे असेलही. पण दुसऱ्या बाजूस हेही मांडले पाहिजे, की जी भीती टाळण्यासाठी फिनलंडवर चाल केली, ती भीती त्या चालीनेच खरी करून दाखविली.

१९४४ साली पारडे फिरले. सोव्हिएत सेनेने जूनमध्ये व्हिबोर्ग पुन्हा घेतले आणि १९ सप्टेंबरला मॉस्कोत शस्त्रसंधी झाला. अटी कडक होत्या. १९४० ची सरहद्द कायम झाली, उत्तरेकडील पेत्सामो बंदर गेले आणि सहा वर्षांत ३० कोटी डॉलर किमतीचा माल नुकसानभरपाई म्हणून द्यावयाचा ठरला. ही मुदत पुढे आठ वर्षांची झाली. शिवाय हांकोऐवजी पोर्क्काला हे द्वीपकल्प पन्नास वर्षांच्या भाड्याने तळासाठी द्यावे लागले. पोर्क्काला हेलसिंकीपासून अवघे तीस किलोमीटर. आता नकाशा उलटा झाला होता! तोफेच्या टप्प्यात आता लेनिनग्राड नव्हते, हेलसिंकी होते. तेथील सात हजारांवर रहिवाशांना दहा दिवसांत घर सोडावे लागले. पुढे हेलसिंकीहून पश्चिमेस जाणाऱ्या आगगाड्यांना त्या प्रदेशातून जाण्याची परवानगी मिळाली, पण डब्यांच्या खिडक्यांवर झडपा लावून. फिनिश लोक त्याला थट्टेने जगातील सर्वांत लांब बोगदा म्हणत. १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले ते याच हेलसिंकीत, आणि तेव्हा हा तळ तेथे होता.

परंतु याच अवस्थेतून तिसरे उत्तर निघाले आणि त्याचा मुख्य शिल्पकार पासिकिव्ही होता. तो १९४४ अखेर पंतप्रधान आणि १९४६ साली राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे धोरण साधे होते. रशियाला आपल्याकडून धोका होणार नाही हे शब्दाने व कृतीने पटवावयाचे. मात्र घरातला कारभार, निवडणुका, न्यायालये आणि वृत्तपत्रे यांचा ताबा सोडावयाचा नाही. भरपाईचा माल कबूल केल्याप्रमाणे १९५२ पर्यंत शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचता करण्यात आला. १९४८ च्या फेब्रुवारीत स्टालिनने मैत्रीच्या कराराची मागणी केली, तेव्हा प्राग येथे साम्यवादी सत्ता हस्तगत करीत होते आणि हेलसिंकीत अनेकांना आपली पाळी आली असे वाटले. ६ एप्रिल १९४८ रोजी झालेला करार मात्र निराळा निघाला. जर्मनी किंवा त्याचा मित्र फिनलंडवर, अथवा फिनलंडमधून सोव्हिएत संघराज्यावर, चाल करील तर फिनलंड आपल्या भूमीवर लढेल. सोव्हिएत मदत लागलीच तर ती उभयतांच्या संमतीने येईल. आणि बड्या राष्ट्रांच्या झगड्यापासून दूर राहण्याची फिनलंडची इच्छा सोव्हिएत संघराज्य जाणते, असे त्यात लिहिले होते. १९३८ साली फिनलंडने जो शब्द देऊ केला होता, साधारण तोच शब्द दहा वर्षांनी, मध्ये दोन युद्धे झाल्यावर, मॉस्कोने स्वीकारला.

स्टालिननंतरच्या राज्यकर्त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. क्षेपणास्त्रांच्या नव्या युगात किनाऱ्यावरच्या तोफांचे महत्त्व ओसरले होते, आणि परभूमीवरचे तळ सोडा असे अमेरिकेला सांगावयाचे तर स्वतःचा तळ ठेवून चालणार नव्हते. सप्टेंबर १९५५ मध्ये पासिकिव्हीला मॉस्कोला बोलावून पोर्क्काला परत देण्याचे ठरले आणि भाड्याची जवळजवळ चाळीस वर्षे शिल्लक असताना २६ जानेवारी १९५६ रोजी तो भाग फिनलंडच्या हाती आला. मोबदल्यात मैत्रीच्या कराराची मुदत वीस वर्षांनी वाढली. बुल्गानिन आणि ख्रुश्चोव्ह त्याच हिवाळ्यात भारतात येऊन गेले, हे जुन्या श्रोत्यांना स्मरत असेल. पासिकिव्ही मार्चमध्ये पदावरून उतरला आणि डिसेंबरात वारला. टार्टूपासून सुरू झालेली वाटाघाट त्याच्या हयातीत पुरी झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे तिसरे उत्तर निर्दोष होते असे मात्र नव्हे. १९५८ साली हेलसिंकीतील मंत्रिमंडळ मॉस्कोला पसंत नव्हते, म्हणून ते टिकले नाही. १९६१ साली कराराच्या कलमांवर बोट ठेवून लष्करी सल्लामसलतीची मागणी करणारा खलिता आला आणि देशाचे राजकारण त्याने ढवळून काढले. शेजारी काय म्हणेल याचा विचार करून फिनिश वृत्तपत्रांनी अनेकदा आपली लेखणी आवरती घेतली. ‘फिनलंडीकरण’ हा काहीसा उपहासाचा शब्द त्यातूनच निघाला. गेलेला कारेलिया परत आला नाही. आणि फिनलंडला हे जमले ते आधी तो लढला होता म्हणून, हेही विसरून चालणार नाही; त्याला गिळणे किती महाग पडते ते मॉस्कोला ठाऊक झाले होते. तरीसुद्धा तेथे कोणी हद्दपार झाले नाही, संसद बंद पडली नाही, आणि रशियाच्या त्या लांबलचक सरहद्दीवर जवळजवळ ऐंशी वर्षे एकही युद्ध झाले नाही. सेनेने जिंकलेल्या बाल्टिक किनाऱ्याने रशियाला इतके स्वास्थ्य कधीच दिले नाही. तेथे युद्धानंतरही कित्येक वर्षे रानावनांत बंडखोरी धुमसत राहिली. आणि १९९१ साली संधी मिळताच तिन्ही देश मोकळे झाले. शेवटचे रशियन सैनिक लिथुआनियातून ३१ ऑगस्ट १९९३ रोजी, तर लाटव्हिया व एस्टोनियातून बरोबर एक वर्षाने परतले. २००४ साली हे तिन्ही देश ‘नाटो’त दाखल झाले.

१९९१ नंतरच्या रशियापुढे पुन्हा तोच जुना प्रश्न आला. कालपर्यंत आपले असलेले प्रदेश आज परके. त्यांत आपल्या नौका, आपली रडारयंत्रे, आपली भाषा बोलणारी लक्षावधी माणसे. त्याची काळजी खोटी होती असे आजही कोणी म्हणू नये. पश्चिमी लष्करी संघटना पूर्वेकडे सरकत होती, ही वस्तुस्थिती होती. पण उत्तर कोणते निवडावयाचे, हे त्याच्या हाती होते. २०१४ साली क्रिमिया घेण्यात आला, तेव्हा युक्रेन स्वतःच्या कायद्याने कोणत्याही लष्करी गटाबाहेर होता आणि सेव्हास्टोपोलचा तळ २०४२ पर्यंत रशियाला भाड्याने दिलेला होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वंकष आक्रमण झाले. त्याचा परिणाम एका वर्षाने सर्वांत स्पष्टपणे कोठे दिसला? फिनलंडमध्ये. पासिकिव्हीने घालून दिलेल्या वाटेने चालणाऱ्या त्या देशाने ४ एप्रिल २०२३ रोजी ‘नाटो’चे सभासदत्व घेतले. सुमारे १,३४० किलोमीटरांची जी सरहद्द दोन पिढ्यांहून अधिक काळ शब्दाच्या आधाराने शांत राहिली होती, तीच आता लष्करी गटांमधली सरहद्द झाली.

श्रोतेहो, आपल्या शहराची वेस राखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. पण वेशीपलीकडेही माणसे राहतात आणि त्यांनाही वेस असते. रशियाने शेजाऱ्याची भूमी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा तिच्यासोबत एक शत्रूही घेतला. एकदाच त्याने घेतलेला तळ परत केला. आणि लेनिनग्राडच्या उत्तरेस जी शांतता त्याला सैन्याने मिळाली नव्हती, ती मिळाली. पोर्क्कालाच्या परिसरातून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडक्या १९५६ साली उघडल्या. त्या दिवशी सुरक्षितता फक्त फिनलंडची वाढली नव्हती, रशियाचीही वाढली होती.